टोप्याचा दुसरा भाग

हातात पेचकस, खांद्याला पिशवी आणि कपाळावर दुपारचा घाम घेऊन जो माणूस मामाच्या सायकलच्या दुकानात शिरला, त्याला केशरनं पाच महिन्यांपूर्वी नकार दिला होता.

भूम गाव केवढं ते! नकार दिलेला माणूस बाजारात, स्टँडवर कधीतरी दिसणारच. पण असा थेट समोर, ती एकटी दुकानात असताना? केशरनं फडकं उचललं आणि मघाशीच पुसलेली सायकलची सीट पुन्हा पुसायला घेतली.

"कोंडिबामामांनी बोलवलंय," तो सीटकडं बघत म्हणाला. "व्हिडिओ गेमच्या पेटीत नवी पाटी बसवायला..."

"बसवा की. पेटी काय पळून चालली न्हाय."

हा रामकिसन दूध संघाच्या शीतकेंद्रावर वायरमन होता. दुष्काळानं वैरण संपली, दूध आटलं, यंत्रं अर्धा दिवस बंद राहू लागली. म्हणून दुपारी तो गावातली दुरुस्तीची कामं करायचा. माणूस दिसायला नीटनेटका, वागायला गरीब. मग नकार कशाला? तर बघायला आले तेव्हा त्याला लहानाचा मोठा करणारी द्वारकाबाई आत्या म्हणाली होती, शिकली तेवढं पुरे, आमच्या घरात चार म्हशी आहेत. केशरला तर डी.एड. करून शाळेवर लागायचं होतं. तिनं आशेनं नवऱ्या मुलाकडं पाहिलं. हा बाबा पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत बसलेला! त्या रात्री तिनं मामाला सांगून टाकलं, की मुलगा वाईट नाही, पण त्याला तोंडच नाही.

आणि आता तोच बिनतोंडाचा माणूस पेटीचं पाठीमागचं फळकुट उघडून आत डोकं घालून बसला होता.

ही पेटी मामानं गेल्या वर्षी सोलापूरहून आणली होती. तिच्यातला टोपीवाला गडी उड्या मारत फळ्यांवरून, खड्ड्यांवरून पळायचा. सगळं भूम त्याला टोप्या म्हणायचं. दुकान रिकामं असलं की केशर हळूच खेळायची आणि कुणाला सांगायची नाही. आता सोलापूरवाल्यानं त्याचाच दुसरा भाग पाठवला होता. पेटी तीच, पडदा तोच, फक्त आतली पाटी बदलायची. या भागात दोघांनी एकदम खेळायचं असतं, म्हणून रामकिसननं पेटीला आणखी एक भोक पाडलं आणि गडी पळवायची दुसरी मूठ बसवली.

"पैल्यापेक्षा बरा हाय का, बघता?" त्यानं विचारलं.

बघते म्हणजे काय! केशर पदर खोचून उभी राहिली, आणि दोन डावांतच तिची कळी खुलली. पहिल्या भागात टोप्याला मागं फिरता येत नसे. काही राहिलं तर राहिलं. इथं मागं येता येत होतं. तिथं खड्ड्यात पडलं की पार पहिल्यापासून सुरुवात. इथं पडलं तिथूनच. आणि सगळ्यात भारी म्हणजे टोप्याला जोडीदारीण मिळाली होती, लांब वेणीची. एक पडला तर दुसऱ्यानं हात देऊन वर काढायचं. एक मागं राहिला तर चित्र पुढं सरकायचंच नाही. केशर हे सगळं धडाधड सांगत सुटली आणि मधेच थबकली... रामकिसन पडद्याकडं बघतच नव्हता.

"तुमी लई छान सांगता," तो म्हणाला. "मास्तरीणच व्हायला पायजे."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मेल्याला हे पाच महिन्यांपूर्वी का सुचलं नाही?

एक घोटाळा मात्र झाला होता. नव्या मुठीच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. केशरनं मूठ उजवीकडं दाबली की वेणीवाली डावीकडं पळायची. रामकिसननं डोकं खाजवलं, उद्या बघतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आला, पिशवी ठेवली, चार डाव खेळला आणि परत उद्या बघतो म्हणाला. असं पाच दुपारी चाललं. बाहेर रस्त्यावर फुफाटा उडायचा, आत दोघांची कोपरं एकमेकांना लागायची आणि दोघंही न लागल्यासारखं दाखवायची. वेणीवाली खड्ड्यात पडायची, टोप्या हात द्यायचा. केशर मुद्दाम पडते हे त्याला कळत होतं की नाही, देव जाणे.

सहाव्या दिवशी तो आला, तर वेणीवाली सरळ उजवीकडं पळत होती.

"दुरुस्त झालं?"

"दोन वायरी होत्या. मीच अदलाबदल केली."

रामकिसनचं तोंड एवढंसं झालं. "मग उद्यापासनं... काय निमित्त काढून येऊ?"

"निमित्त नको. तोंड घेऊन या," केशर म्हणाली, आणि पुढं हसू आवरून सगळं सांगितलं. डी.एड.ला तिचा नंबर लागला होता, धाराशिवला, दोन वर्षं. आणि द्वारकाबाईचा पुन्हा निरोप आला होता, गुरुवारी विचारायला येते म्हणून. या खेपेला मामा नाही म्हणणार नव्हता. लग्न ठरलं की डी.एड. बंद. तिला तो हवा होता आणि शाळाही हवी होती. एकासाठी दुसरं सोडायला ती तयार नव्हती.

गुरुवारी द्वारकाबाई रामकिसनला घेऊन दुकानात आली आणि बाकावर ऐसपैस बसली. मामानं चहा मागवला. चहा संपतो न संपतो तोच तिनं तेच वाक्य काढलं, शिकली तेवढं पुरे. केशरनं रामकिसनकडं पाहिलं. तो बशीत बघत होता.

झालं. पुन्हा पहिलाच भाग. तिचे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती पेटीकडं वळली आणि दोघांचा डाव लावला. वेणीवाली चार उड्या मारून कडेला गेली आणि अडली. मागं टोप्या तसाच उभा होता.

"ही बया का थांबली गं?" द्वारकाबाईनं विचारलं.

केशरनं मूठ पुन्हा उजवीकडं दाबली. मागं बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ती न्हाय थांबली, आत्या," रामकिसन म्हणाला. "म्या हितं नुसता हुबा हाय, म्हणून तिला फुडं जाता येईना."

तो उठला, तिच्या शेजारी आला, मूठ धरली. टोप्या चालू लागला आणि चित्र सरकलं.

"केशरला धाराशिवला जाऊ द्या. दोन वर्सं म्या थांबतो. म्हशींची धार बी म्याच काढतो."

द्वारकाबाईनं भाच्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुला धार काढता येती व्हय रं?"

"शिकंन."

"मग तू आधी शीक," ती पदर सावरत म्हणाली. "दोन वर्सं लागतीलच तुला." आणि मामाला घेऊन पेढे आणायला निघाली. जाता जाता केशरच्या गालावरून हात फिरवायला मात्र विसरली नाही.

दोघंच उरली. दोघांची नजर पडद्यावर, आणि लक्ष कुठंच नाही.

"पैला भाग तुला आवडला नव्हता," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच तू म्हणाला. "आन् दुसरा?"

"दुसरा..." केशरनं पडद्याकडं बोट केलं. "खड्डा आलाय बघा. हात द्या."

त्यानं मूठ सोडली आणि खरंच हात दिला. पडद्यावर टोप्या आणि वेणीवाली दोघंही खड्ड्यात पडली.

काही बिघडलं नाही. दुसऱ्या भागात पडलं तिथूनच पुन्हा सुरू होतं.