लेकीच्या वाट्याची जागा

"तू माझी जागा घेतलीस, आई! माझी!"

मोबाईल पलंगावर फेकून लेक ओरडली, आणि चहाचा कप घेऊन दारात उभी असलेली आई जागच्या जागी थिजली… एकाच महाविद्यालयातून एकाच सकाळी दोघींना निरोप आले होते. आईला लिहिलं होतं, वैद्यकीय शिक्षणासाठी आपली निवड झाली आहे, शुक्रवारपर्यंत होकार कळवा. लेकीला लिहिलं होतं, आपली मुलाखत चांगली झाली, मात्र आपलं नाव तूर्त प्रतीक्षा यादीत आहे.

आता कुणी म्हणेल, चाळिशीच्या बाईला हे कसलं खूळ! पण ते खूळ तिच्या डोक्यात भरलं होतं लेकीनेच. लेक पोटात असताना आईचं डॉक्टर व्हायचं राहून गेलं ते राहिलंच. पुढे तिने रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ततपासणीची नोकरी धरली, आणि लेकीचा अभ्यास घेता घेता सगळी पुस्तकं तिचीही पाठ झाली. "तूही भर की अर्ज, मजा येईल," असं लेकच म्हणाली होती. मुलाखतीला घालण्याजोगे बूट घरात एकच जोड. सकाळी लेक ते घालून आत गेली आणि दुपारी आई! व्हरांड्यात बूट बदलताना दोघी इतक्या हसल्या, की शेवटी शिपायाने दटावलं.

ते हसू आज कुठल्या कुठे गेलं होतं. "तुझं वय झालंय गं," लेक हुंदके देत म्हणाली. "तुझं सगळं जगून झालंय. आणि मी… मी नुसती ताटकळत बसू?"

निवडीचं वाचताना आईच्या उरात जो अभिमान दाटून आला होता, तो तिने अजून कुणाला दाखवलाही नव्हता… नवरा बस घेऊन लांबच्या फेरीवर गेलेला, सासूबाई आंघोळीला! मुकाट्याने तिने तो अभिमान मनाच्या तळाशी सारला. लेकीच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे आपली हौस ती काय! आपण जागा सोडली की लेकीचं नाव पुढे सरकेल. आपल्या ताटातला घास उचलून लेकराच्या ताटात वाढायचा, इतकंच तर! आयुष्यभर ती हेच करत आली होती.

दुपारच्या सुट्टीत अंगावरचा पांढरा कोटही न काढता तिने महाविद्यालयाचं प्रवेश कार्यालय गाठलं. खिडकीतल्या कारकूनबाईंनी चष्मा कपाळावर चढवून तिचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही जागा सोडणार, आणि ती मुलीला मिळणार?"

"हो. यादीत आहे ना ती."

"अहो, जागा म्हणजे काय अंगठी आहे, आपल्या बोटातून काढली आणि लेकीच्या बोटात घातली? आमची यादी म्हणजे रांग नव्हे. एक जागा सुटली की समिती पुन्हा बसते, वर्गात अजून कोण हवं ते बघते आणि त्या सगळ्या नावांतून एक काढते. ते तुमच्या मुलीचं असेल, नाहीतर कुणा परक्याचं. तिने आपल्याला अजूनही यायचंय, एवढं एकदा नीट कळवावं आणि वाट बघावी. रोज फोन करून आमचं डोकं मात्र खाऊ नये."

"पण… तिची आशा थोडी तरी वाढेल ना?"

"वाढेल. चिमूटभर."

"मग चिमूटभर तर चिमूटभर! सोडते मी."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढून तिच्याकडे नीट पाहिलं. "आज नाही लिहून घेत मी हे. उद्या मीच फोन करते, तेव्हा सांगा."

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा आईचे हात साबणाने माखलेले होते. लेकीचा कालपासून अबोला. तरी सवयीने तीच पुढे झाली, स्पीकर लावला आणि फोन आईसमोर धरला. आई नको नको म्हणेपर्यंत पलीकडून आवाज आलाच.

"मुलीसाठी जागा सोडते म्हणालात काल, ते नक्की का?"

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "तू… जागा सोडायला गेली होतीस?"

"अगं, तूच म्हणालीस ना…"

"मी रागाच्या भरात काहीही बोलेन! तू ते मनावर घ्यायचं असतं का?" रडता रडता ती आईवरच खेकसली. "मुलाखतीत मला विचारलं, अवघड विषय तुला कुणी शिकवले? मी म्हटलं, माझ्या आईने. ताठ मानेने म्हटलं गं! आणि घरी येऊन तुलाच मी…"

"पण तुझं काय, बाळा?"

"मी थांबेन. मला यायचंय असं कळवेन आणि थांबेन. नाव आलं तर माझ्या हिमतीवर येईल. नाही आलं तर पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत देईन. पण तुझ्या जागेवर बसून डॉक्टर झाले, तर जन्मभर आरशात बघता येणार नाही मला!"

आई बघतच राहिली… कालपर्यंत आपल्या कुशीत शिरून रडणारी ही पोर कधी एवढी मोठी झाली! स्वतःच्या निवडीनेही तिचं काळीज इतकं भरून आलं नव्हतं. साबणाच्या हातांनीच तिने लेकीला पोटाशी धरलं.

"घ्या!" दारातून सासूबाई म्हणाल्या. "घरात दोन-दोन डॉक्टर झाल्या, तर मी एकटीने आजारी तरी किती पडायचं?" पण बोलता बोलता त्यांचाही आवाज चिरकला.

फोनमधून खाकरल्याचा आवाज आला. "अहो, मी अजून फोनवर आहे. काय लिहू मग?"

"लिहा," आई म्हणाली. अभिमानाची लपवाछपवी आता संपली होती. "मी येणार आहे. मला डॉक्टर व्हायचंय!"

"अभिनंदन! आता पालकांचा नंबर सांगा. तो घातल्याशिवाय हा संगणक मेला पुढेच जात नाही."

आई गोंधळली. "अहो, माझे आईवडील तर आता…"

लेकीने फोन आपल्याकडे ओढला आणि मनगटाने नाक पुसलं.

"माझा नंबर घ्या," ती ठणकावून म्हणाली. "मी त्यांची पालक बोलतेय."