उताराला दिवे बंद

गाडीत भूत नसतं, वायर ढिली असते. उमरग्याला हायवेच्या कडेला ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज टाकल्यापासून बब्रुवाननं हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्याच्या बायकोला, शिवलीलाला, ते आरतीसारखं पाठ झालं होतं. कुणाचा हॉर्न आपोआप बोंबलो, कुणाचा वायपर कोरड्या उन्हात फिरो, हा गडी टेस्टलॅम्प घेऊन ट्रकखाली सरपटायचा आणि उंदरानं कुरतडलेली वायर हातात धरून बाहेर यायचा. "हे बघा तुमचं भूत," म्हणायचा. गिऱ्हाईक ओशाळलं की त्याच्याच नावावर चहा मागवायचा.

तर एकदा दुपारी योगीराज त्याच्या बापाचा जुना ट्रक घेऊन आला. शेजारच्या सीटवर आई बसलेली, अयोध्याबाई. बाप महारुद्र वर्षापूर्वी वारला होता आणि तेव्हापासून घर याच ट्रकवर चालत होतं. गाडीचं दुखणं चमत्कारिक होतं. सपाटीला दिवे लख्ख, चढाला लख्ख, उतार लागला की गुल. परवा जळकोटच्या अलीकडच्या उतारावर असेच गेले तेव्हा पुढं उसाची ट्रॉली होती. योगीराजनं नुसत्या अंदाजानं ब्रेक दाबला म्हणून वाचला. तरी मागं लोंबणारी उसाची वाढी काचेवर घासून गेली.

"आज नीट झाली तर गाडी ऱ्हाईल," अयोध्याबाई खाली उतरत म्हणाल्या. "न्हाय तर उद्या भंगारात. पोराच्या जिवापरीस लोखंड मोठं न्हाय, बब्रुवानभाऊ."

योगीराज मान खाली घालून टायरला लाथ मारत राहिला. गाडी गेली तर त्याला दुसऱ्याच्या गाडीवर राबावं लागणार होतं.

"उतारालाच का पण, वहिनी?"

"त्येंची सवयच तशी," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या.

महारुद्र एक नंबरचा चिक्कू होता, हे सगळ्या हायवेला ठाऊक. उतार लागला की डिझेल वाचवायला इंजिन बंद, बॅटरी वाचवायला दिवे बंद. चांदणं असलं म्हणजे रस्ता सरकारनं फुकट उजळलाय असं तो धरून चालायचा. घरीसुद्धा माणसं जेवायला बसली की उठून दिवा मालवायचा. कुणी कुरकुरलं तर विचारायचा, "अंधारात घास कानात जातोय व्हय?"

बब्रुवान पोटभर हसला आणि कामाला लागला. जुनी डिझेल गाडी एकदा सुरू झाली की इंजिनाला विजेची गरज नसते. वीज लागते ती दिव्यांना नि हॉर्नला. तेवढ्यातच शोधायचं होतं. त्यानं बॅटरीवरची पांढरी बुरशी खरवडली, अर्थिंगची पट्टी घासून चकचकीत केली, आणि शेवटी चेसीच्या कडेला घासून सोललेली वायर त्याला सापडलीच. उताराला बॉडी पुढं झुकते, वायर लोखंडाला टेकते, दिवे जातात.

"हे बघा तुमचं भूत," त्यानं आनंदानं जाहीर केलं.

"बघितलं," बाई म्हणाल्या. "उताराला जाऊन बघू."

या बोलण्याचा बब्रुवानला राग आला. मग त्यानं आणखी पुढची मजल मारली. डॅशबोर्डवरचा महारुद्रच्या हातचा पितळी स्विच, ओढला की बंदुकीसारखा 'खट' वाजणारा, त्यानं उपटून काढला. बॅटरीपासून हेडलाईटपर्यंत सरळ डायरेक्ट वायर ओढली. मधे स्विच नाही, काही नाही. पितळ टाकवेना म्हणून जुना स्विच खिशात घातला.

"आता दिवे घालवायचे तर पाना घेऊन खाली उतरावं लागंल. मेलेल्या माणसाला पाना कोण देणार?"

तिन्हीसांजेला तिघं निघाले. योगीराज चालवत होता, मधे बब्रुवान, खिडकीशी अयोध्याबाई. हरभऱ्याच्या रानावरून गार वारा येत होता. जळकोट जवळ आलं, उतार लागला. दिव्यांचा पिवळा पट्टा पुढं धावत होता आणि बब्रुवान शीळ घालत होता.

मग केबिनमधे तंबाखू-चुन्याचा वास आला. तिघांपैकी कुणीही तंबाखू खाणारं नव्हतं.

खट.

दिवे गेले. बब्रुवानची शीळ तोंडातच राहिली, कारण आवाज डॅशबोर्डमधून आला नव्हता. त्याच्या खिशातून आला होता. मांडीवर त्याला स्विचची दांडी हललेली कळली होती.

"काका..." योगीराज पुटपुटला. "स्टॉपर बघा..."

इंजिन बंद करायची ती गुंडी सावकाश बाहेर येत होती. कुणीतरी सवयीनं, घाई न करता ओढावी तशी. इंजिनाची धडधड थांबली. आता फक्त टायरांची सळसळ ऐकू येत होती, आणि ती वाढत होती.

"ब्रेक जड व्हायलाय, काका... रस्ता दिसंना..."

बब्रुवानला आयुष्यात पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्याच्याकडं पाना होता, पक्कड होती, पण हात उचलवेना.

अयोध्याबाईंनी पदर खोचला.

"आवो," त्या अंधाराला म्हणाल्या, जेवायला वाढताना बोलावं तशा. "दिवा कशाला घालवायलाव? पोरगं हाय गाडीत. तुमी गेलाव ते गेलाव, आता त्येला बी न्हेता का? बॅटरी नीट करून घेतलीया. उतरत न्हाय ती. लावा दिवा."

क्षणभर काहीच झालं नाही. मग कुणीतरी नाराजीनं खाकरलं.

खट.

उजेड पडला. स्टॉपर आत गेला, गाडी गिअरमधेच होती, इंजिन धडधडलं. ट्रकचं डावं चाक साईडपट्टीच्या कडेवर होतं आणि पलीकडं खोल नाला. योगीराजनं दात-ओठ खाऊन स्टिअरिंग ओढलं.

सपाटीला गाडी थांबताच बब्रुवान खाली उतरला, खिशातला स्विच काढला आणि अंगातलं सगळं बळ लावून बाभळीच्या काटवनात भिरकावला. कुठंतरी दगडावर तो खणकला. तिघांनीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बब्रुवान जेवत असताना योगीराजचा फोन आला. पोरगा खुशीत होता.

"काका, सोलापूरला जाऊन आलो. सगळे उतार बघितले, दिवे एकदा बी गेले न्हाईत. गाडी ठेवायची म्हणली आई."

बब्रुवानचा ऊर भरून आला. "मी म्हणलो नव्हतो? वायर ढिली असती."

"व्हय... पण आई एक म्हणली. गाडी हलकी वाटायलीया म्हणं. कुणीतरी उतरून गेल्यागत." योगीराज थोडा घुटमळला. "कुठं उतरलं आसंल वो?"

बब्रुवाननं फोन ठेवला. शिवलीला समोर बसून भाकरी वाढत होती. तिचे दोन्ही हात परातीत होते.

खट.

घरात अंधार झाला. तंबाखू-चुन्याचा वास आला.

"बरं केलात," अंधारातून शिवलीला म्हणाली. "किती दिवसांची सांगायलेय, नसता दिवा जाळू नका. पण एवढ्यात उठलाव कधी?"

बब्रुवान जागचा हलला नाही. हातातला घास त्यानं तोंडाकडं नेला, आणि तो कानात न जाता बरोबर तोंडात गेला.