हिरव्या चांदणीचा कॉम्प्युटर

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी सुतारकाका पहिलीच्या वर्गातले बाक ठोकत होते. भिंगरी, चष्म्या आणि ढब्बू त्यांना खिळे पुरवत होते. काम आटोपलं की काका कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बाईंचा धडा लावायचे.

बाई म्हणजे काकांची बायको. चार महिन्यांपूर्वी त्या गेल्या. पहिलीसाठी त्यांनी प्रेझेंटेशन केलं होतं. पडद्यावर चित्र यायचं, बाईंचा आवाज विचारायचा, "हे काय?" मग बाई जरा थांबायच्या, मुलांना ओरडून उत्तर देता यावं म्हणून.

आज काका कोपऱ्यात गेले. टेबल रिकामं!

"घाबरू नका हो!" शाळेचे कारकूनसाहेब दारातून म्हणाले. "जुने कॉम्प्युटर सकाळीच दुरुस्तीवाल्याला दिले. पण बाईंची फाइल मी स्वतः पेन ड्राइव्हवर घेतलीय."

ऑफिसात त्यांनी ती ऐटीत उघडायला घेतली. उघडेचना.

चष्म्याने पडद्याला नाक लावलं. "साहेब, साठ चित्रं, वर आवाज, आणि फाइल एवढीशी? कोपऱ्यात बाण आहे बघा! हा नुसता शॉर्टकट. तुम्ही घराचा पत्ता आणलात, घर तिथेच राहिलं!"

साहेबांचा चेहरा उतरला. "तो दुरुस्तीवाला तर आजच सगळं पुसणार आहे..."

"तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही," काका म्हणाले.

"पळा!" भिंगरी ओरडली.

दुकानात शाळेच्या कॉम्प्युटरचे एकसारखे वीस काळे डबे होते. "आमचा एक कॉम्प्युटर परत द्या!" भिंगरी म्हणाली.

"बारा पुसून झाले," दुरुस्तीवाला मान वर न करता म्हणाला. "शाळेची चिठ्ठी आणा, मग बोलू."

चिठ्ठी आणेपर्यंत सगळं संपलं असतं! भिंगरीने ढब्बूला कोपर मारलं.

"दादा, हा माउस केवढ्याला? आणि तो? लाल नाही का?" ढब्बूने तोंडाचा पट्टा सोडला.

भिंगरी डब्यांमागे शिरली. उत्तर बरोबर आलं की बाई हिरवी चांदणी चिकटवायच्या. 'आज न अडकता चालला' म्हणून त्यांनी एकदा कॉम्प्युटरलाही दिली होती! पुसलेल्या बारांवर चांदणी नव्हती. उरलेल्या सातांवरही नव्हती.

ती होती टेबलावरच्या डब्यावर. पडद्यावर प्रश्न होता : सगळं पुसायचं? आणि दुरुस्तीवाल्याचं बोट माउसवर टेकलं होतं!

भिंगरीने माउसची वायरच उपटली.

"ए कार्टे!"

दारात काका धापा टाकत उभे होते. "माझी बायको शिकवायची त्याच्यावर," ते म्हणाले. "तिचा आवाज आहे त्यात."

दुरुस्तीवाल्याने हात मागे घेतला. "आधी सांगायचं नाही का?" तो पुटपुटला. त्याने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि काकांना स्टूल दिलं.

पडद्यावर करवत आली. "हे काय?" बाईंनी विचारलं आणि त्या थांबल्या.

काकांनी हळूच हात वर केला. "करवत."

"शाब्बास!" बाई म्हणाल्या.

"खरी शाबासकी या तिघांची," मागून आलेले कारकूनसाहेब म्हणाले. "माझे कान धरतो मी!"

या वेळी चष्म्याने खरी फाइल घेतली, तीही तीन ठिकाणी. मग सगळ्यांनी धडा शेवटपर्यंत पाहिला. साठ चित्रं आहेत. शेवटच्या चारांना आवाज द्यायचं बाईंचं राहून गेलं आहे.