पांढऱ्या कोटाची कंबर

आखाती देशातल्या हवल्लीत, त्या शिंप्याच्या दुकानात जाफर पारकरला सगळे मास्तर म्हणत, आणि मास्तरलाही ते आवडायचं. माणूस हर्णैचा, तोंडानं फटकळ, पण हातात टेप आली की एकदम गंभीर. त्याची एक पद्धत होती. माप तीनदा घ्यायचं, मग मोठ्यानं पुकारायचं, आणि समोर बसलेल्या मदतनीस कमालनं ते वहीत उतरवायचं. पस्तीस वर्षांत पुकारलेला आकडा त्यानं कधी मागे घेतला नव्हता. म्हणजे, गेल्या उन्हाळ्यापर्यंत.

उन्हाळ्यात त्याच्या हातून दोन सूट आखूड झाले. दुकानाचा मालक बू सालेम तसा भला, पण त्यानं सरळ सांगून टाकलं, "मास्तर, जानेवारीत तुला साठ पुरी होतात. डोळे शाबूत असतील तर इकामा वाढवून घेतो. नाहीतर गावी जा, आराम कर."

आराम कसला डोंबलाचा! बापाचा इकामा, इथं राहायचा परवाना, गेला की लेकीचाही जाणार, आणि सनाची बारावीची परीक्षा मार्चमध्ये. ऐन वर्षात पोरीला कुठे नेऊन घालायची? या एका काळजीनं जाफरचं जेवण तुटलं होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी बू सालेमचा म्हातारा मित्र एक कोट घेऊन आला. जुन्या लष्करी पोशाखांचा त्याला नाद. दुसऱ्या महायुद्धातल्या कुणा जर्मन अफसराचा हा उन्हाळी कोट. कापड उजेडानं पिवळं पडायला लागलेलं, म्हणून त्याला हुबेहूब दुसरा शिवून हवा होता. नवा पुतळ्याला घालायचा, जुना पेटीत ठेवायचा. "गुरुवारी येतो," म्हणाला.

"एवढा एक बिनचूक कर," बू सालेम जाफरला म्हणाला. "मग इकाम्याचं बघतो."

कोट पाहून जाफर हरखला. पांढरं जाड सुती कापड, पडती कॉलर, छातीवर चुणीचे खिसे. पुढे दाणेदार चंदेरी आठ बटणं, आणि त्यातलं एकही शिवलेलं नाही! प्रत्येक बटणाची दांडी छिद्रातून आत घेतलेली आणि मागून तारेची कडी अडकवलेली. पांढरा कपडा रोज धुवायचा, म्हणून ही सोय. खांद्यावरच्या पट्ट्या निघतात, छातीवरचा बिल्ला निघतो, बटणं निघतात. सगळं उतरवलं की हुद्दा गेला, उरला नुसता कोट. मग तीच बटणं दुसऱ्या, धुतलेल्या कोटाला लावायची. बिल्ला आता नव्हता. उजव्या छातीवर तो अडकवायचे दोन बारीक फासे तेवढे उरले होते.

त्यानं बटणं लावून कोट टेबलावर पसरला. "छाती चाळीस. कंबर पस्तीस. बाही साडेचोवीस. उंची एकोणतीस." कमालनं लिहून घेतलं.

सोमवारी नमुन्याचा कागद कापायच्या आधी त्यानं सवयीनं पुन्हा टेप लावली. कंबर साडेचौतीस भरली.

"कमाल, काल काय लिहिलंस रे?"

"पस्तीस. तुम्हीच पुकारलंत, चाचा."

मंगळवारी साडेतेहतीस भरली, छाती एकोणचाळीस. कमालनं येऊन मोजलं, तर पस्तीस आणि चाळीस. त्यानं दोनदा मोजलं. मग हळूच म्हणाला, "चाचा, डोळे एकदा दाखवून या ना. बू सालेमना मी नाही सांगणार."

डोळेच गेले असतील तर सगळंच मुसळ केरात. पण नुसते डोळे म्हणावं, तर बाही आणि उंची रोज तितकीच कशी? आटलेलं कापड सगळीकडून आटतं. कुणी शिवण आत घेतली म्हणावं, तर टाके सगळे जुनेच, एकही नवा नाही. फक्त छाती आणि कंबर कमी होत होती. अशी मापं जाफरनं माणसांची पाहिली होती, दुखण्यातून उठलेल्यांची, किंवा न उठणाऱ्यांची. हाडं तेवढीच राहतात, मांस उतरतं.

पण हा तर रिकामा कोट! जाफर स्वतःवरच चिडला.

बुधवारी त्यानं हाय खाल्ली. कापायचं कुठल्या आकड्यावर? वहीतल्या की टेपवरच्या? शाळा सुटल्यावर सना दुकानात आली, तशी त्यानं टेप तिच्या हातात दिली. आपल्याला किती भरली ते सांगितलं नाही.

"थर्टी-टू, अब्बा. व्हाय?"

त्याचीही बत्तीसच भरली होती. जाफरला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. त्यानं वही मिटली आणि बत्तीसवर कात्री चालवली. संध्याकाळपर्यंत कोट उभा राहिला. जुन्याची बटणं काढून नव्याला लावायची, तर त्या कड्या काही त्याच्या जाड बोटांना दाद देईनात. सनानं त्या पटापट अडकवल्या, आठच्या आठ. "सो क्यूट," म्हणाली.

बटणं काढल्यावर जुना कोट पुन्हा मोजला. बत्तीस. गुरुवारी सकाळीही बत्तीसच. जणू आता तो थांबला होता.

म्हातारा पुतळा घेऊन आला. बू सालेम हात बांधून उभा. जाफरनं नवा कोट चढवला, एकेक बटण लावलं. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. म्हाताऱ्यानं दोन्ही कोट शेजारी पसरून स्वतः टेप लावली. दोन्ही बत्तीस.

कमालनं त्याच्या हातातून टेप घेतली. मोजलं. मग वही उघडून आपल्याच अक्षरातल्या पस्तीसकडे बघत राहिला.

"हा असाच होता का?" जाफरनं म्हाताऱ्याला विचारलं.

"आता असाच आहे," म्हातारा म्हणाला, आणि पेटीचं झाकण लावलं.

बू सालेमनं जाफरच्या पाठीवर थाप मारली. "डोळे कुठे गेलेत तुझे, मास्तर! इकाम्याचे कागद रविवारी घेऊन ये."

जाफर त्या दिवशी पोटभर जेवला.

शुक्रवारी सुट्टी. सनाला शाळेच्या निरोप समारंभासाठी ड्रेस हवा होता. जाफरनं खुशीत माप घेतलं. कंबर एकोणतीस, बाही बावीस. त्यानं स्वतःच कागदावर लिहून ठेवलं.

शनिवारी कापण्याआधी पुन्हा घेतलं. साडेअठ्ठावीस.

त्यानं टेप पुसली, पुन्हा लावली.

"नीट जेवतेस ना ग?"

"अब्बा, मी तीन घावन खाल्ले आत्ता!" खरंच खाल्ले होते. गाल तसेच, हसू तसंच.

रविवारी सकाळी इकाम्याचे कागद खिशात घालून तो निघाला, आणि दारातून परत आला.

"सना, जरा उभी राहा."

ती मोबाइल बघतच उभी राहिली. त्यानं टेप फिरवली. एकदा. दोनदा. तीनदा.

"किती?" तिनं विचारलं.

"एकोणतीस," जाफर मोठ्यानं म्हणाला, आणि सव्वासत्तावीसवरचा अंगठा त्यानं उचलला नाही.

मग त्यानं तिची बाही मोजली. ती शुक्रवारइतकीच भरली, बावीस.