प्रकृती स्थिर

दिवा राहू दे तसाच बारीक. आणि मध्येच कुणी फिदीफिदी हसायचं नाही. ही माझ्या धाकट्या मेहुणीवर गुदरलेली गोष्ट आहे, आणि ती कशी आहे हे तुम्हाला माहीत आहे. पालीला घाबरत नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही.

तिचं काम जुने कागद लावण्याचं. एक मोठे पुढारी होते, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. बंगल्याच्या मागच्या अंगाला त्यांचं प्रसिद्धी कार्यालय, दोन खोल्यांचं. तिथली भाषणं, फोटो, कात्रणं, पत्रकं सगळं तारीखवार लावून ग्रंथालयाला द्यायचं त्यांच्या मुलानं ठरवलं आणि काम हिच्याकडे आलं. एप्रिलमधला शेवटचा शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो यायचा होता आणि एक खोकं राहिलं होतं. म्हणून जेवण उरकून ही रात्री तिथे गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्याला म्हणाली, "तासाभरात निघते, दादा."

बाहेरच्या खोलीत बसून तिनं खोकं उघडलं. आतल्या खोलीला कायमचं कुलूप. खोक्यात साहेबांच्या शेवटच्या आजारातली पत्रकं होती, रोजचं एक. मजकूर एकच. 'साहेबांची प्रकृती स्थिर आहे.'

आता, तेव्हा सगळ्या गावाला ठाऊक होतं, उघड कुणी बोलत नव्हतं एवढंच. साहेब आधीच गेले होते. खुर्चीवर कोण बसणार हे ठरेना, म्हणून आठवडाभर त्यांना तसंच ठेवलं होतं, एसी लावून. त्या आतल्या खोलीत.

"काय सांगता काका! त्याच खोलीत?"

त्याच. ऐक.

हिनं पत्रकं लावली, खोकं बांधलं आणि निघायला उठली. बाहेर जायच्या दाराची कडी फिरवली. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला, पायानं दार ढकललं, पहारेकऱ्याला घसा बसेपर्यंत हाका मारल्या. फाटक लांब. खिडक्यांना बाहेरून जाळ्या. मोबाईलला तिथे कधीच रेंज यायची नाही. घामानं नुसती निथळत होती. आणि मग तो घाम... गार पडायला लागला.

आतल्या खोलीतला एसी सुरू झाला होता.

तो एसी काढून विकला त्यालाही वर्षं झाली होती. भिंतीतलं भोक फळी ठोकून बुजवलेलं तिनं बाहेरून स्वतः पाहिलं होतं. पण घरघर येत होती. दाराखालून गारवा येत होता, तिच्या पावलांवर.

मग टकटक. आतून. हळू.

"बाहेर कोण आहे?"

आवाज तिनं ओळखला. दोन महिने टेपवर त्यांचीच भाषणं ऐकत होती ना.

"मी... कागद लावायला आलेय."

"दार उघड."

"किल्ली नाही माझ्याकडे."

पुन्हा टकटक.

"साहेब, खरंच नाही."

"बाहेर काय सांगितलंय माझ्याबद्दल?"

तिच्या तोंडून नेमकं तेच वाक्य निघालं. "साहेबांची प्रकृती स्थिर आहे."

नुसती घरघर.

"मग मला सोडत का नाहीत?"

ही सांगते, ते ऐकून तिला त्यांची कीवच आली. दाराच्या इकडे ही कोंडलेली, तिकडे ते. हिला निदान आपण कोंडलोय हे कळत तरी होतं.

"साहेब," ती म्हणाली, "खोटं लिहिलंय सगळं. तुम्ही गेलात. बारा वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलंच नाही."

घरघर थांबली. तिच्या पाठीमागे बाहेरच्या दाराची कडी फिरली. खट्.

ती जी सुटली ती थेट फाटकाबाहेर. पहारेकरी काय विचारतोय हेही ऐकलं नाही. स्कूटरला किक मारली नि निघाली. चढावर स्कूटर ओढेना. मागे कुणी जड माणूस बसावा तशी. हिनं वळून पाहिलं नाही. आरशातही नाही. घराच्या अलीकडच्या वळणावर स्कूटर एकदम हलकी झाली.

अजून आहे ती स्कूटर तिच्याकडे. भर दुपारी उन्हात उभी असते. पुढच्या सीटवर बसवत नाही, इतकी पोळते. मागच्या सीटवर मी हात ठेवून पाहिलाय...

गार.