मागं उभा राहणारा

टेंभुर्णीची गाडी कोणती, एवढंच मी त्याला विचारलं होतं. तेव्हा मला पाटी वाचता येत नव्हती. शहात्तर साल, वैशाखाचं ऊन, सोलापूरचा स्टँड. त्यानं बोटानं गाडी दाखवली आणि स्वतःही तिच्यातच चढला. जागा नेमकी शेजारची मिळाली. त्याच्या मांडीवर वाकळेत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. तान्ह्या लेकरासारखं तो ते खड्ड्याखड्ड्याला सावरत होता.

"लग्नाला का?" त्यानं विचारलं.

मी मुलखाची बडबडी. मामेबहीण फुलाची हळद हाय, नवतारा ऑर्केस्ट्रा येणार हाय, मायाप्पामामानं त्यांच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलंय, सगळं सांगून मोकळी झाले. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला की नवतारा फुटून सहा महिने झाले. गाणारा शिवयोगी आता एकट्याच्या नावानं कार्यक्रम करतो, ढोलकीवाला तमाशात गेला.

फुटल्याचं मीही ऐकलं होतं. पण पत्र गेलंय म्हणजे शिवयोगी येणारच, असा माझा भरवसा.

"आन् गिटारवाला?" त्यानं हळूच विचारलं.

"मागं उभा राहायचा, त्यो? त्याच्याच ताठ्यानं मोडलं म्हणं. त्याला एकट्याला कोण ऐकतंय वो?"

"व्हय... मीबी तसंच ऐकलंय."

तो हसला. गालाला खळी पडली. टेंभुर्णीपर्यंत मी ती चोरून बघत राहिले.

संध्याकाळी मांडवात ती वाकळ सुटली आणि आतून गिटार निघाली.

मागं उभा राहणारा तो गिटारवाला, ज्ञानू, हाच होता. मामाचं पत्र याच्याच हाती पडलं होतं. बाकीचे कुणी यायला तयार नव्हते, म्हणून तो एकटा आला होता. माणसं विचारू लागली, गाणारा कुठंय, बाकीचे कुठं हायेत.

"मला गाता येत न्हाय," तो म्हणाला. "वाजवतो."

वाजवायला लागण्याआधी त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

त्यानं दोन चाली वाजवल्या. माणसं आपसांत बोलत होती, कुणी जांभई देत होतं. तो तारा पुन्हापुन्हा जुळवत होता, पण त्या बिघडलेल्या नव्हत्याच. मला राहवेना. बायकांत बसल्या जागेवरून मी हळदीचं गाणं उचललं. बायकांनी साथ धरली. त्याची बोटं लगेच माझ्या सुरामागं धावली आणि मांडव गप्प झाला. सगळे वळून बघायला लागले... माझ्याकडे.

तेव्हा कळलं. तो पुन्हा मागं गेला होता. सकाळी बोलून, आता गाऊन, मीच त्याला दोनदा मागं लोटलं होतं.

तिसऱ्या कडव्याला मी तोंड मिटलं. शेजारच्या सारजाबाईचा हात दाबला, तीही थांबली. मागोमाग साऱ्याजणी थांबल्या. गिटार क्षणभर अडखळली — आणि मग एकटीच पुढं निघाली. शब्द सगळ्यांना पाठ होते, पण कुणी ओठ हलवला नाही. फुला हळदीच्या अंगानं पाटावर बसून ऐकत होती.

लग्न लागल्यावर तो रस्त्याला गाडीची वाट बघत उभा होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

"गाडीत मी जे बोलले..." तांब्या पुढं करत मी म्हणाले.

"गाणं मधीच का थांबवलं?" त्यानं विचारलं.

"तुमी मागं पडत हुता."

तो वाकळेची गाठ बांधत राहिला. बांधलेली सोडली, पुन्हा बांधली.

"पुढल्या आठवड्यात मोहोळला बोलावणं हाय," तो म्हणाला. "गायला येता का?"

"लाज वाटती मला."

"गायची?"

"न्हाय... बोलल्याची."

"मग तिसऱ्या कडव्यापत्तुरच गा," तो म्हणाला, आणि ती खळी पुन्हा पडली. "म्होरं मी बघतो की."

मी गेले. पुढच्या वैशाखात आमचीही हळद झाली. आता आम्ही दोघंही म्हातारे झालो, पण हळदीच्या मांडवात तिसरं कडवं आलं की मी अजून गप्प होते. त्याच्याकडे बघत नाही. खाली मान घालून ऐकते.