अपोलोचं मिटलेलं तोंड

नाक्सोस बेटावर दगडकामात तेलेस्तासचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट त्याला इतरांपेक्षा जरा आधीच कळली होती. बंदरावरचा दहा हात उंच अपोलोदेव त्याने दोन वर्षांत उभा केला. पुढे केलेला उजवा हात वेगळ्या दगडाचा. तो खांद्याच्या खाचेत बसवून भोवती वितळलेलं शिसं ओतायचं, ही रीत. देवाचा सण चार दिवसांवर आला तरी शिशाची होडी येईना. तेव्हा तेलेस्तासने मेणात संगमरवराची पूड कालवली आणि खाच भरून टाकली. सांधा इतका बेमालूम झाला, की त्याचा त्यालाच सापडेना.

कुरकुरला तो एकटा बिओन, वीस वर्षं सोबत असलेला भागीदार. “दादा, ऊन चढलं की मेण पाघळणार.”

“सण पार पडला की झालं. मग तू नि मी हात गुपचूप उतरवून शिसं ओतू.”

बिओन गप्प बसला. तो गप्प बसत आला होता म्हणूनच भागीदारी टिकली होती. मात्र सणाच्या दुपारी तो मूर्तीच्या पायाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना मागे सारत राहिला. देव काय याच्या एकट्याचा आहे का, म्हणून लोकांनी त्याची टिंगल केली. हात निखळला तेव्हा खाली तो एकटाच होता.

माणूस मेला की मारणाऱ्यावर खटला भरायचा, मग तो दगड का असेना, असा तिथला कायदा. पंच बंदरावरच बसले. आधी त्यांनी तेलेस्तासला विचारलं, कामात काही कसूर राहिली होती का. समोर बिओनची बायको मिक्का उभी होती.

“नाही,” तेलेस्तास म्हणाला. “हात देवानेच टाकला.”

मग रिवाजाप्रमाणे मूर्तीला तीनदा पुकारलं, काय सांगायचं असेल ते सांग म्हणून. गर्दीतला एक कोळी पुटपुटला, दगड मुका आहे हे बरं, नाहीतर कारागिरांची धडगत नव्हती. सगळे हसले. तेलेस्तासही हसला, आणि हसता हसता त्याची नजर वर गेली.

मूर्तीचे ओठ किंचित विलग झाले होते.

ते ओठ त्याने एका रेघेत मिटवले होते, बारीक छिन्नीने, अगदी शेवटच्या दिवशी. उन्हाची तिरीप असेल म्हणून तो बाजूला सरकला. फट तशीच. काय बघतोस, असं एका पंचाने विचारलं. काही नाही, असं तो म्हणाला.

मूर्ती बोलली नाही, म्हणजे गुन्हा कबूल. तिला हद्दीबाहेर समुद्रात बुडवायचं ठरलं. तराफ्यावर ती उताणी होती, आणि आता तोंडात बोट जाईल एवढी जागा झाली होती. वल्ही मारणाऱ्यांपैकी कुणीच काही बोललं नाही. कुणी बोललं असतं तर आपण तिथेच सगळं सांगून टाकलं असतं, असं तेलेस्तास पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिला. मूर्ती बुडाली. बुडबुडे मात्र बराच वेळ येत होते.

पुढे त्याने मिटवलेलं प्रत्येक तोंड आठवड्याच्या आत उघडू लागलं. गिऱ्हाइकं खूश. चेहरा जिवंत वाटतो, म्हणायची. तेलेस्तासचं नाव आणखी वाढलं. हे सारं सांगावं असा एकच माणूस होता, आणि तो उरला नव्हता.

बिओनला जाऊन वर्ष झालं तेव्हा मिक्का आली. थडग्याच्या दगडावर त्याचा चेहरा तुमच्याच हातचा हवा, म्हणाली. तेलेस्तासने नाही म्हणायचे दोन बहाणे शोधले आणि तिसरा सापडेना तेव्हा हो म्हटलं. बिओनचे ओठ त्याने घट्ट मिटवले. रोज अंगठा फिरवून पाहिलं. शेवटच्या संध्याकाळीही ते मिटलेलेच होते.

सकाळी मिक्का रिवाजाप्रमाणे थडग्याच्या दगडाला बांधायच्या लोकरी फिती घेऊन आली. बराच वेळ चेहऱ्याकडे बघत राहिली.

“दादा, पुढचा तुटका दातसुद्धा कोरलात. तुमच्या लक्षात होता.”

तेलेस्तासने दात कोरलेच नव्हते.

“मिक्का,” तो म्हणाला, “तुला एक सांगायचं होतं.”

तिचं लक्ष नव्हतं. तिने दगडाच्या तोंडाला कान लावला होता. घरी बिओन हळू बोलायचा तेव्हा ती अशीच वाकायची.

तिने मान डोलावली. एकदा. मग पुन्हा.

“बरं,” ती दगडाला म्हणाली, “विचारते.”

आणि ती तेलेस्तासकडे वळली.